हिरवी भिंत आणि सावंतांचा नऊचा फोन

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या नोंदी तीस दिवस ठेवतात. एकतिसाव्या दिवशी त्या आपोआप पुसल्या जातात, जागा अडते म्हणून. किस्से पुसायची सोय मात्र अजून कोणी केलेली नाही, त्यामुळे ते साठत जातात. चहाला खाली उतरलं की एक निघतो, मग त्यावरून दुसरा आठवतो, आणि ग्लास रिकामे झाले तरी टपरीवरून कोणी हलत नाही. परवा एक मैत्रीण म्हणाली, "वर्षा, तू सांगतेस तेव्हा आम्ही हसतो, आणि तू मात्र चिडलेली असतेस!" असणारच! तुम्हाला नुसतं ऐकायचं असतं. मी तिथे रोज आठ तास बसते.

आधी धंदा काय ते सांगते. परळला एका जुन्या मिलच्या जागेवर काचेची इमारत उभी आहे, तिच्या चौदाव्या मजल्यावर आमचं ऑफिस. कंपनी हॉस्पिटलांना सॉफ्टवेअर देते. अपॉइंटमेंट, टोकन, रिपोर्ट, सगळं क्लाउडवर. क्लाउड म्हणजे काय गं, असं आईनं विचारलं होतं. मी सांगितलं, "दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं आपलं सामान." ते सामान नीट चालतंय की नाही, यावर लक्ष ठेवणं हे आमच्या टीमचं काम, आणि मी त्या टीमची लीड.

आम्ही सात जण होतो. आता सहा आहोत. सातवे सावंत. त्यांची खुर्ची कशी गेली आणि त्यात माझा हात किती, ते ओघात येईलच. लपवणार काही नाही.

*

सुरुवात भिंतीपासून.

आमचे मॅनेजर निनाद सर पुण्याहून आले. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. हुशार आहे माणूस, नाही असं नाही. पण त्यांचा एक सिद्धांत आहे: जे मोजता येत नाही ते नसतंच! आल्या आल्या त्यांनी समोरच्या भिंतीवर सहा मोठे टीव्ही लावून घेतले. प्रत्येक हॉस्पिटलच्या प्रत्येक सेवेला एक चौकोन. चालू असेल तर हिरवा, कुरकुरत असेल तर पिवळा, बंद असेल तर लाल. पाहुणे आले की त्यांना आधी भिंत दाखवायची, मग पाणी विचारायचं.

आता चौकोन हिरवा कधी म्हणायचा? पहिलं मेट्रिक, म्हणजे मोजमाप, ठरलं ते असं: मशीन चालू आहे का, एवढंच. दर मिनिटाला मशीनला विचारायचं, "आहेस का?" ते म्हणालं "आहे," की हिरवा.

तिसऱ्याच दिवशी गिरगावच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. टोकन काउंटरवरच्या शिर्केबाई. गिरगावात जन्म, गिरगावातच नोकरी, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. टोकन निघत नाहीये, रांग जिन्यापर्यंत गेलीय, काहीतरी करा म्हणाल्या.

निनाद सरांनी स्वतः फोन घेतला. भिंतीकडे बघून शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे तर ग्रीन दिसतंय."

"हो का? मग रांग तुमच्याकडे पाठवते!"

*

त्या दिवशी टीममधला एकच माणूस हसला नाही. सावंत.

सावंत राहायला लालबागला, मूळचे मालवणकडचे. वय एक्कावन्न, म्हणजे आमच्या लाइनीत पणजोबाच. चारचौघांत मला "मॅडम" म्हणायचे, आणि दोघंच असलो की "बाय". त्यांचे वडील याच जागेवर, मिल होती तेव्हा, साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते.

दुसऱ्या दिवसापासून सावंतांनी एक रीत सुरू केली. सकाळी बरोबर नऊला टेबलावरचा फोन उचलायचा आणि चार-पाच हॉस्पिटलांच्या काउंटरवर लावायचा. रामराम नाही, तब्येतपाणी नाही. एकच प्रश्न: "पहिला पेशंट आत गेला?"

गेला म्हणाले की फोन खाली. नाही म्हणाले की सावंत उठून, आमच्यातलं जो ते हॉस्पिटल सांभाळतो त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहायचे. ओरडायचे नाहीत. नुसते उभे! काम होईपर्यंत हलायचे नाहीत. दहा मिनिटांत तिकडे टोकन निघायला लागायचं.

पोरं टर उडवायची. ऋतुजा आमच्यातली सगळ्यात लहान, दादरची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "सावंतकाका, आपल्याकडे एवढं महागाचं मॉनिटरिंग आहे, आणि तुम्ही पानवाल्यासारखे फोन करताय!"

मी एकदा त्यांना विचारलं, भिंत दिसत असताना फोन कशाला?

म्हणाले, "बाय, मशीन चलता म्हणान काम होता, असा नाय." मग माझ्यासाठी जरा शुद्धात आले. "वडील सांगायचे, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, यायचा आणि चालू साचे मोजून जायचा. सगळे साचे चालू! आणि कापडात हात जाईल एवढं भोक. वडील साचे नाही मोजायचे. कापडावर हात फिरवायचे."

शिर्केबाईंनी सावंतांना कधी पाहिलं नव्हतं, नावही त्यांना बरेच दिवस ठाऊक नव्हतं. त्या त्यांना "नऊवाले" म्हणायच्या. कधी फोन मी उचलला तर, "तुम्ही कोण? नऊवाल्यांना द्या."

*

मग एकदा "बंद" या शब्दाची व्याख्या करायला मीटिंग बसली. साडेतीन तास!

आम्ही इंजिनियर लोक म्हणत होतो, पेशंटचं काम झालं नाही म्हणजे बंद. करार बघणारे एक वकील साहेब आले होते, ते म्हणाले, इतकं ढोबळ नको, कोर्टात टिकलं पाहिजे. शेवटी त्यांनी वाक्य लिहून आणलं: सेवा सलग पाच मिनिटं मिळाली नाही, तरच ती बंद धरावी.

सावंत कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "साहेब, चार मिनिटं बंद, एक मिनिट चालू, परत चार मिनिटं बंद, असं दिवसभर झालं तर?"

वकील साहेबांनी जरा विचार केला. "तर ती सेवा दिवसभर चालू होती."

"म्हणजे माणसानं चार मिनिटं श्वास घेतला नाही, मग एकदा घेतला, परत चार मिनिटं नाही, तर तुमच्या हिशेबानं तो ठणठणीत!"

सगळे हसले. निनाद सरही हसले. म्हणाले, "व्हेरी गुड पॉइंट, सावंत. आउट ऑफ स्कोप आहे, पण गुड पॉइंट."

व्याख्या तशीच पास झाली. त्या महिन्यापासून आम्ही बंद पडायचेच थांबलो. कागदावर.

*

सरासरीचा किस्सा छोटा आहे.

पान उघडायला किती वेळ लागतो, त्याची सरासरी काढायची असं ठरलं. सरासरी आली दोन सेकंद. वा! टाळ्या! ऋतुजानं हात वर केला. तिचं म्हणणं, बहुतेकांना अर्धाच सेकंद लागतो, पण थोड्या लोकांना मिनिटभर ताटकळावं लागतंय, आणि नेमके तेच लोक स्वस्तातले फोन वापरणारे आहेत. ते सरासरीत दिसत नाहीत.

निनाद सरांना पटेना. म्हणाले, "ॲव्हरेज इज ॲव्हरेज."

ऋतुजा उसळली. "सर, पावसाळ्यात मुंबईत सरासरी घोट्याएवढं पाणी असतं, तेव्हा हिंदमाताला कमरेएवढं असतं! तिथल्या साडीवाल्याला जाऊन सांगा, सरासरी घोटा आहे!"

निनाद सरांनी लॅपटॉपमध्ये बघितलं, खाली वर केलं, आणि विचारलं, "हिंदमाता आपल्या क्लायंट लिस्टमध्ये आहे का?"

*

केकचा किस्सा मी सहसा सांगत नाही. सांगितला तरी अर्धा सांगते. आज पुरता सांगते.

एका मंगळवारी सकाळी सावंत रजेवर होते, गावाहून त्यांचा चुलता आला होता. म्हणजे नऊचा फोन झालाच नाही. आणि नेमकी त्याच दिवशी अपॉइंटमेंटची सेवा आडवी झाली, आणि तिच्याशिवाय टोकन निघत नाही. पेशंटनं नंबर टाकला की पान यायचं: "क्षमस्व, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा."

पण गंमत बघा. खरं पान आणायचं तर मशीनला दहा ठिकाणी शोधाशोध करावी लागते. क्षमस्वचं पान तयारच असतं, झटक्यात येतं! त्यामुळे त्या दिवशी आमचा वेग विचारू नका. दोन सेकंदांचा पाव सेकंद झाला. कंपनी सुरू झाल्यापासूनचा रेकॉर्ड! भिंत हिरवीगार, कारण मशीन चालू होतं आणि उत्तरही देत होतं. उत्तर काय देत होतं, हे मोजायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

वरच्या साहेबांची अभिनंदनाची मेल आली. निनाद सरांनी केक मागवला. त्यावर हिरवं आयसिंग, आणि हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत "पाव सेकंद". मी दोन तुकडे खाल्ले. खरं सांगते, चांगला होता.

दुपारी चुलत्याला गाडीत बसवून सावंत आले. येता येता त्यांनी गिरगावला फोन केला होता, तेव्हा त्यांना कळलं होतं. निनाद सरांनी प्लेट पुढे केली.

"माझा उपास आहे."

"मंगळवारचा?"

"नाही. गिरगावात रक्त तपासायला आलेली माणसं सकाळपासून उपाशीपोटी बसलीयत. टोकन नाही म्हणून रक्त घेत नाहीत, आणि रक्त घेतलं नाही म्हणून खाता येत नाही. ती जेवली की मी केक खातो."

सगळ्यांनी हातातल्या प्लेटा खाली ठेवल्या. मग सगळे जागेवर जाऊन कामाला लागले आणि तासाभरात सेवा सुरू झाली. इथपर्यंत सगळ्यांना सांगते. पुढचं असं.

संध्याकाळी घरी गेले. आम्ही गिरगावातच राहतो, आई आणि मी. आईला शुगर आहे. दर तीन महिन्यांनी ती त्याच हॉस्पिटलात जाते, हे मला माहीत होतं. तारीख मात्र लक्षात नव्हती. आई आडवी पडली होती.

"काय झालं गं?"

"अगं, तुमच्या त्या मशीनपायी साडेअकरापर्यंत उपाशी बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या शिर्केबाईनं बिस्किटं दिली बिचारीनं. मग म्हणाले, बिस्कीट खाल्लं ना, आता टेस्ट होत नाही, उद्या या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काही खाल्लंस का दुपारी?"

*

अलर्टचं सांगते, म्हणजे तोंडाची चव जरा बदलेल. बदलेल कसली म्हणा!

काही बिघडलं की आमच्या फोनवर अलर्ट वाजतो. दिवसाला इतके वाजायचे की पोरांना टूं टूं ऐकल्यावर शिसारी यायची. वरून नवं उद्दिष्ट आलं: या तिमाहीत अलर्ट निम्मे झाले पाहिजेत.

आता अलर्ट निम्मे करायचे दोन रस्ते. एक, बिघाड निम्मे करायचे. दुसरा काय ते तुम्हीच ओळखा. शुक्रवारी दुपारी एक पोरगा शांतपणे बसला आणि पंधरा मिनिटांत निम्म्या घंटा बंद करून वडापाव खायला गेला.

महिनाअखेर निनाद सरांनी त्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. "याला म्हणतात ओनरशिप!"

सावंत माझ्या कानाशी पुटपुटले, "घरात चोर शिरले तर कुत्रा भुंकू नये, म्हणून ह्यांनी कुत्र्याचंच तोंड बांधलं."

*

आता माझा किस्सा.

वरून फर्मान आलं, टीम सातची सहा करा. कारण दिलं नाही, वरचे देत नाहीत. निनाद सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "वर्षा, आपण हे इमोशनली नाही ठरवायचं. डेटानं ठरवायचं. माणसांसाठी मेट्रिक तू डिफाइन कर. तू फेअर आहेस."

तू फेअर आहेस! मला बरं वाटलं हो ऐकून. तोंडानं नको म्हटलं, पण बरं वाटलं.

मशीनचा "बंद" ठरवायला आम्ही साडेतीन तास भांडलो होतो. माणसाचं मेट्रिक मी एकटीनं वीस मिनिटांत लिहिलं.

दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली: महिन्याला किती तिकिटं बंद केली. आमच्याकडे तक्रार आली की तिची नोंद होते, तिला तिकीट म्हणतात. तक्रार मिटली की तिकीट बंद. दुसरी ओळ: तक्रार यायच्या आधीच किती गोष्टी पकडल्या. दुसरी ओळ सावंतांसाठीच लिहिली होती, दुसरं कोण करतंय ते?

निनाद सरांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "याचा डेटा कुठून येणार?"

"सावंत रोज नऊला फोन करतात ना..."

"त्या फोनची कुठे नोंद आहे?"

"नाही."

"मग डेटा नाही. काढून टाक."

मी काढून टाकली. भांडले नाही. का भांडले नाही, ते सांगते. पहिल्या ओळीनुसार यादी लावली तर वरून पहिलं नाव माझं येत होतं. ते मला आधी दिसलं. खालून पहिलं कोण ते नंतर दिसलं. कळलंच नव्हतं असं म्हणाले असते, तर तुम्ही विश्वासही ठेवला असता. पण कळलं होतं.

सावंतांच्या नावावर तिकिटं जवळजवळ नव्हतीच. असणार कशी? नऊला फोन, सव्वानऊला काम, तक्रार यायचीच नाही.

ऋतुजाला यादीचा सुगावा लागला. ती धावत सावंतांकडे गेली. "काका, अजून दोन आठवडे आहेत. नऊच्या फोनवर काही कळलं ना, की आधी तिकीट उघडायचं, मग काम करायचं, मग बंद करायचं. रोजची पाच होतील आरामात! आणि कधी काहीच बिघडलं नाही तर सांगा, मी थोडं बिघडवून देते!"

ती चेष्टा करत होती, पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

सावंत म्हणाले, "म्हणजे माका रोज आग लावूची आणि रोज इजवूची? ह्या खयचा शाणपण गो?"

आणि नऊ वाजले होते म्हणून फोन उचलला.

*

यादी नुसती मेलवर आली असती तर एक वेळ चाललं असतं. पण निनाद सरांना पारदर्शकतेची आवड! त्यांनी भिंतीवर सातवा टीव्ही लावला. त्यावर आम्हा सात जणांचे सात चौकोन. महिन्याचा आकडा गाठला की हिरवा, नाही तर लाल.

सोमवारी सकाळी आम्ही आलो तर अख्ख्या भिंतीवर एकच चौकोन लाल होता. "सावंत".

सावंतांनी चष्मा लावून बघितलं. पुसून परत बघितलं. मग घड्याळ बघितलं आणि नऊचा फोन केला. "पहिला पेशंट आत गेला? ...बरं."

दोन आठवडे ते त्या लाल चौकोनाखाली बसून फोन करत होते. पाहुणे यायचे, निनाद सर भिंत दाखवायचे, आणि पाहुणे विचारायचे, "तिथे काय बिघडलंय?"

शेवटच्या शुक्रवारी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते, लीड म्हणून बसावं लागतं. एचआरची मुलगी कागद वाचून दाखवत होती. निनाद सर म्हणाले, "सावंत, हे पर्सनल नाहीये. मेट्रिक सगळ्यांना सारखंच लावलं."

सावंतांनी सही केली. पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "माझ्या वडलांना याच जागेवरून काढलं होतं. पण तेव्हा मिल बंद पडली होती. मला तुम्ही सगळं चालू असताना काढताय."

मी बाहेर त्यांच्या टेबलापाशी गेले. ते डबा, छत्री आणि गणपतीचा छोटा फोटो पिशवीत भरत होते. मला काहीतरी म्हणायचं होतं. "सावंत, ते मेट्रिक..." एवढंच निघालं.

"माहीत आहे, मॅडम."

आजूबाजूला कोणी नव्हतं. आम्ही दोघंच होतो.

संध्याकाळी सातव्या टीव्हीवरून त्यांचा चौकोन काढला. निनाद सर खुर्ची मागे ढकलून भिंतीकडे बघत राहिले आणि अगदी मनापासून म्हणाले, "फायनली! भिंत पूर्ण हिरवी."

*

शेवटचा त्यानंतरच्या सोमवारचा.

सावंतांची खुर्ची नेली होती, कॉम्प्युटर नेला होता. टेबलावरचा फोन तेवढा न्यायचा राहिला होता. सव्वानऊला तो वाजायला लागला. ऋतुजा उठेना, कोणीच उठेना. वाजून वाजून बंद झाला. परत वाजायला लागला. शेवटी मी गेले.

"हॅलो."

"नऊवाले आहेत का?" आवाज ओळखू आला. मी फोन कानापासून लांब धरला.

"शिर्केबाई, मी वर्षा. सावंत... नाहीत."

"अहो, नऊ वाजले, पाच झाले, दहा झाले, फोनच नाही! असं कधी होत नाही. रजेवर असले तरी आदल्या दिवशी सांगतात. एकदा न सांगता रजा पडली, तर बघा त्या दिवशी काय झालं! म्हणून म्हटलं, रांग जरा थांबवून आपणच फोन करावा." तिकडे मागून कोणीतरी "ओ बाई, नंबर!" म्हणून ओरडलं. त्यांनी त्याला गप्प केलं. "तुमच्याकडे काही बंद पडलंय का?"

मी भिंतीकडे बघितलं. सातही टीव्ही हिरवेगार होते.

"नाही बाई," मी म्हटलं. "सगळं चालू आहे."

"बरं. मग त्यांना एवढा निरोप द्या." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू आवाजात बोलल्या. "म्हणावं, पहिला पेशंट आत गेला."